नवतपात ठेवलेलं नाव

मार्चमध्ये कूलरला लावलेलं गवत मे अर्धा सरेपर्यंत खाऱ्या पाण्यानं पापडासारखं कडक होतं. मग नवतपा लागायच्या आत ते बदलावं लागतं. नवतपा म्हणजे आमच्या नागपूरचे ते नऊ दिवस, ज्यांत दुपारी नळ सोडला तर चहाचं आधण आयतं मिळतं. नव्या गवतावर पहिलं पाणी पडलं की एक वास सुटतो, ओल्या लाकडाचा, जरासा गोणपाटाचा, आणि त्या वासासरशी मला दरवर्षी एक बारसं आठवतं. यंदाही आठवलं. फरक इतकाच, की जिचं ते बारसं होतं तीच पोरगी यंदा माझ्या माहेरी कूलरसमोर पाय पसरून बसली होती आणि मला सांगत होती, "आत्या, मले हे नाव नाई पाहिजे."

नाव झियारा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे नाव मी पूर्ण शुद्धीत, दोन्हीकडच्या सोयऱ्यांसमोर ठेवलेलं आहे. पोरगी आता दहावीत गेली. शाळेनं सुट्टीतच निरोप धाडला होता: रजिस्टरमधलं नाव बदलायचं असेल त्यांनी शाळा उघडायच्या आत अर्ज आणि प्रतिज्ञापत्र आणून द्यावं, एकदा दहावीचा फॉर्म गेला की मग तेच नाव जन्मभर. त्या अर्जाचा कागद तिच्या मांडीवर होता. वर 'जुने नाव', त्याखाली 'नवे नाव', आणि शेवटी 'बदलाचे कारण'. पहिला रकाना तिनं भरला होता, खालचे दोन रिकामे होते.

"काहून नाई पाहिजे?" मी विचारलं.

"पोरी मले झारा म्हणतात. भजे तळायचा झारा! ट्युशनचे सर दरवेळी विचारतात, ये कौनसा नाम है. मोबाइलवर शोधलं तर अर्थच निघत नाई. आत्या, माह्या नावाले अर्थच नाई!"

"माह्या नावाले आहे ना अर्थ. मले काय मिळालं?"

माझं नाव बेबी. लाडाचं नाही, कागदावरचं. आधार कार्डावर बेबी, मतदार यादीत बेबी, आणि हुडकेश्वरच्या ज्या शाळेत मी तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळते तिथं बेबी मॅडम. पंचावन्नाव्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढणाऱ्या बाईला खालून कोणी "ओ बेबी मॅडम" अशी हाक मारतं तेव्हा नवीन पालक आधी माझ्या मागे कोणी आहे का ते बघतात. माझंही बारसं झालं होतं. माझ्याही आत्यानं माझ्या कानात काहीतरी सांगितलं होतं. पण घरात सगळे बेबी म्हणत, म्हणून शाळेत घालताना बाबांनी मास्तरांना तेच सांगितलं आणि मास्तरांनी तेच लिहिलं. आत्या माझ्या लहानपणीच गेली. आईला किती वेळा विचारलं असेल, तिचं उत्तर ठरलेलं: "होतं काहीतरी लांबलचक. कोणाच्या ध्यानात राहते वं?" या बाईला सोयरिकीतल्या चाळीस लग्नांत पंगतीला कोणती भाजी होती ते पाठ आहे. पोटच्या पोरीचं नाव तेवढं आठवत नाही.

म्हणून मी लहानपणापासून ठरवलं होतं, की मला कधी संधी मिळाली तर असं नाव ठेवीन की ऐकणाऱ्यानं दोनदा विचारलं पाहिजे. आता तुम्ही म्हणाल, मग स्वतःच्या लेकरांची ठेवायची. कशी ठेवू? आमच्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. माझ्या मुलांची आत्या म्हणजे माझी नणंद. थोरल्याला नवसाचं म्हणून तिनं गजानन केलं, आणि धाकट्याच्या वेळेपर्यंत तिचा उत्साह संपला होता, म्हणून विजय. मी पाळण्यापाशी बाळंतिणीच्या शालीत गप्प बसून होते. बाईला नाव ठेवायला मिळतं ते भावाच्या लेकराचं, आणि मला भाऊ एकच, राजू. त्याच्या लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली तरी पाळणा हलेना. मी त्याच्यासाठी उपास केले ते काही निव्वळ भावाच्या मायेपोटी नव्हते, हे आज कबूल करून टाकते.

तर तो उन्हाळा. पोरगी झाली नवतपाच्या आठवडाभर आधी. राजू हिंगण्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून थेट दवाखान्यात आला आणि पोरीकडे बघून हेल्मेट काढायचंच विसरला. गुरुजींनी पत्रिका मांडली. मीन रास, उत्तराभाद्रपदा, तिसरा चरण. "अक्षर झ," ते म्हणाले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. "चौथ्या चरणात असती तर ञ आला असता," त्यांनी समजूत घातली. म्हणजे आम्ही थोडक्यात बचावलो होतो.

झ वरून नाव शोधून बघा कधी. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून काढलेली यादी मला आठवते: झेलम, झंकार, झुंबर. राजूनं 'झुळूक' सुचवलं, कारण तो कूलरच्या तोंडाशी बसला होता. बाबा तेव्हा होते, ते म्हणाले, "झुणका ठेवा, निदान पोट भरल्यासारखं वाटंल." सुषमा, म्हणजे राजूची बायको, आतल्या खोलीतून हळूच म्हणाली, "ताई, अक्षराचं एवढं काय? साधं एखादं ठेवलं तं?" मी म्हटलं, "तू आराम कर." हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरून गेले होते.

त्या उन्हाळ्यात संध्याकाळी आठ वाजले की आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, प्रत्येक घरात टीव्हीच्या खोलीतच दिवा उरायचा. एक हिंदीत डब केलेली राजाराणीची मालिका लागायची. तिचं नाव आता मलाच धड आठवत नाही, दुसऱ्या कोणाला विचारण्यात अर्थ नाही. त्यात एक राजकन्या होती. डोळ्यांत हे एवढं काजळ, कमरेला तलवार, पांढऱ्या घोड्यावरून दौडत यायची. मागचा डोंगर एकच असायचा, एका दौडीत तो तीनदा जायचा, पण आम्हाला काय त्याचं? बापानं गादी दिली नाही, तर तिनं स्वतः जाऊन घेतली. दरबारात उभी राहून सांगायची, "मैं झियारा हूँ," आणि पुढे काही बोलायचीच नाही. बोलायची गरजच पडत नसे. समोरचे सरदार खाली बघायचे.

मी बाळंतिणीचा डिंकलाडू वळत होते. हात तसाच थांबला. झ! मैं झियारा हूँ! देवानं अक्षर दिलं होतं आणि नावही त्याच आठवड्यात टीव्हीवर पाठवलं होतं. आणि मनातल्या मनात मी म्हणून बघितलं, "मैं बेबी हूँ." कोण खाली बघणार?

शाळेत मी याच गोष्टीवर तोंडसुख घ्यायची. पहिलीचा हजेरीपट म्हणजे सहा वर्षांपूर्वीचा टीव्ही असतो, हे मी स्टाफरूममध्ये कितीदा तरी सांगितलं आहे. जूनमध्ये नवा हजेरीपट हातात आला की सहा वर्षांपूर्वी लोक संध्याकाळी काय बघत होते ते कळतं. एका वर्षी कुठल्याशा गाण्याच्या स्पर्धेत जिंकलेल्या पोराच्या नावाची सहा मुलं वर्गात होती. तो पोरगा पुढे कुठे गायल्याचं ऐकलं नाही, ती सहा मात्र सातवीपर्यंत पोचली. एकाचं नाव होतं केल्विक्स वानखेडे. वडील बुटीबोरीच्या कापड गिरणीत, कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मोबाइलवर गेम खेळायचे, त्यातल्या योद्ध्याचं नाव लेकाला दिलं. केल्विक्स पहिल्या दिवशी चड्डीत शू करून रडत उभा होता. तोवर तो गेमही मोबाइलवरून गेला होता.

मी हसायची. पण आता वाटतं, या लोकांचं चुकतं तरी काय? दिवसभर उन्हात राबून आलेल्या माणसाला आठ वाजता अर्धा तास एक दुसरीच दुनिया दिसते. त्यातला महाल घरी आणता येत नाही. घोडा आणता येत नाही, आणला तरी बांधणार कुठे? नाव मात्र उचलून आणता येतं. ते पाळण्यात मावतं.

बारसं नवतपातच आलं, सत्तेचाळीस अंशांत. पाळण्याला मोगऱ्याचे गजरे बांधले होते, ते सकाळी अकरालाच सुकून गेले. हॉलमध्ये पंचवीस बाया, घुगऱ्यांचं पातेलं आणि एक कूलर. तो कूलर म्हणजे आमच्या घराचा जुना शत्रू. त्याच्या स्टँडचा एक पाय आखूड, त्यामुळे सुरू केला की खडखडखडखड असा आवाज करायचा, की शेजारच्या बाईशीही ओरडून बोलावं लागे. बंद करावा तर बाळंतीण घामानं न्हायची. मी पाळण्यावर वाकले. पोरीच्या कानाला तोंड लावून "कुर्रर्र" केलं आणि हळूच नाव सांगितलं. मागून बाया ओरडल्या, "काय वं? काय सांगितलं?" मी पुन्हा सांगितलं. "अवो, ऐकू नाई आलं!" तिसऱ्यांदा मी अशी ओरडले की बाळ दचकून किंचाळलं, आणि पंचवीस बायांच्या बुक्क्या माझ्या पाठीत बसल्या. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायचा रिवाजच आहे. एरवी लुटुपुटूच्या असतात. त्या दिवशी दोनचार मनापासूनच्या होत्या.

"झियारा म्हणजे काय वं?" आईनं विचारलं.

"राणी," मी ठोकून दिलं.

पुढे जे झालं ते सांगायला आजही जीभ अडखळते. बारशाला पंधरा दिवस झाले असतील. आठ वाजता आम्ही सगळे टीव्हीसमोर, बाळ माझ्या मांडीवर. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या झियारानं हसत हसत सासऱ्याच्या खिरीत विष कालवलं. पहिल्या दिवसापासून तीच सगळ्यांच्या मुळावर उठली होती म्हणे. सासरा तडफडून मेला, हिनं काजळ पुसलंसुद्धा नाही. आईनं आधी टीव्हीकडे बघितलं, मग बाळाकडे. "नाव बदलता येते का, गुरुजीले विचार," ती म्हणाली. त्या आठवड्यात सुषमानं शेवयाची खीर केली तेव्हा बाबांनी आपली वाटी आधी राजूसमोर सरकवली आणि तो दोन घास खाईपर्यंत मिशीवर बोटं फिरवत बसून राहिले.

मग ती नटी मालिका सोडून गेली. दुसरी आणली, तर ती घोड्याला भ्यायची. लोकांनी बघणं सोडलं. पोरीनं मान धरायच्या आत मालिका संपली होती. काय करणार? नाव तर लागलं होतं.

आणि मला वाटलं होतं हे नाव जगात एकटं असेल! सहा वर्षांनी पोरगी माझ्याच वर्गात आली. पहिल्या दिवशी मी मोठ्या दिमाखात हाक दिली, "झियारा!" चार कोपऱ्यांतून चार आवाज आले, "हजर मॅडम!" चार झियारा! म्हणजे त्या उन्हाळ्यात या भागात आणखी तीन आत्या हातातला लाडू टाकून उठल्या होत्या. पुढच्या वर्षी वर्गात एक आली, त्यानंतर नाव हजेरीपटातून जे गेलं ते गेलंच. त्या चौघींपैकी एकीचं दुसरीत जिया झालं, एकीची आई तिला घेऊन पुण्याला गेली, तिसरीच्या बापानं गुरुजींच्या सांगण्यावरून नावच बदललं. खालच्या वर्गातली ती एकही शाळा सोडून गेली. शाळेत शेवटची झियारा म्हणून आमचीच उरली. जगातली शेवटचीच म्हणा ना.

घरात तिला कोणी झियारा म्हणतच नाही. सुषमानं पहिल्याच महिन्यात चिऊ म्हणायला सुरुवात केली, आणि आईची हाक तीच घराची हाक. नाव उच्चारते ती मी एकटी. मी हाक मारली की पोरगी आधी दचकते.

तर यंदाच्या त्या दुपारी, कूलर आपला खडखडतोय, आई तिच्या बाजेवर डोळे मिटून पडलेली, आणि सुषमा स्वयंपाकघरातून कैरीचं पन्हं घेऊन आली. तिनं अर्जाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एक पेला माझ्या हातात देत म्हणाली, "ताई, आर्या म्हणून राहिली ती. बरं आहे ना?"

"आर्या?" माझा आवाज चढला. "तुह्या दहावीत किती आर्या आहेत ठाऊक आहे? अकरा! आर्या म्हणून हाक मारली तं अर्धी शाळा वळून पाहते!"

"तेच तं पाहिजे मले," पोरगी म्हणाली. "मले कोणीच पाहू नये."

"ताई," सुषमा खाली बसली. बाई कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशीही चढवला नाही. "नऊ वर्षांनी झाली होती पोरगी. मी नऊ वर्षं मनात एक नाव धरून होती. म्या तुमाले बारशाआधी सांगाले पाह्यलं होतं, साधं ठेवा म्हणून. तुमी म्हणल्या, तू आराम कर. तुमचा मान होता. मी चूप राहिली."

मी पेला खाली ठेवला. पंधरा वर्षं मी या पोरीचं नाव मिरवलं. तिच्या आईच्या मनात कोणतं होतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या दोन लेकरांच्या पाळण्यांपाशी मी जशी गप्प बसले होते, तशीच ही माझ्यामुळे बसली होती. आणि मला त्या दिवशी काही वाटलं असेल, तर हेच, की माझं चुकलं. दुसरं काही नाही.

"कोणतं होतं?" मी विचारलं.

"जाऊ द्या ना ताई."

"सांग ना वं."

"अनुजा," ती म्हणाली, आणि उगाच पदरानं आपल्या पेल्याचं बूड पुसायला लागली.

मी पोरीपुढे हात केला. "दे तो कागद. अनुजा लिही, आर्या लिही, तुहं तू ठरव. कारणाच्या रकान्यात लिही, आत्याले अक्कल नव्हती. ऑफिसात बाबूच्या हातात मी सोता नेऊन देतो." रागाच्या भरात मी 'देतो' म्हणते, पुरुषासारखं. घरातल्यांना माहीत आहे की तेव्हा मला रडू येत असतं.

पोरगी कागद देईना. ती आजीच्या बाजेकडे वळली. "आजी, तू सांग. कोणतं ठेवू?"

"मले काय विचारतं?" आई डोळे न उघडता म्हणाली. म्हणजे बाई जागीच होती. "नाव ठेवणं आत्याचं काम. अन् ते मोडणं आईचं. मी नाई का मोडलं मृगलोचनाचं?"

"कोण मृगलोचना?" मी विचारलं.

आईनं डोळे उघडले. आपण बोलून गेलो हे तिच्या लक्षात आलं, पण ऐंशी वर्षांची बाई आता कोणाला भिणार? ती उठून बसली. "तू," ती म्हणाली.

मी जाड भिंगांचा चष्मा नाकावर नीट बसवला आणि तिच्याकडे बघत राहिले.

"तुही आत्या पिक्चर पाहून आली होती. तंबूतला टाकीज. त्यात कोणी राणी होती, मृगलोचना. आठच दिवस चालला तो पिक्चर. बारशाच्या दिवशी आली अन् सांगून मोकळी झाली तुह्या कानात. मले कोणी इचारलं नाई. माह्या मनात शांता होतं. मले असा राग आला का बस! म्या त्याच संध्याकाळी तुले उचललं अन् सगळ्याईसमोर म्हणली, 'माही बेबी, माही बेबी.' आत्या समजली. ताट न घेता उठून गेली बिचारी. मंग आलीच नाई कधी. दोन वर्षांत गेलीच."

"आई! मी पन्नास वर्षं विचारून राहिली तुले!"

"कोणत्या तोंडानं सांगू वं?" आई म्हणाली. "तुले पाहिलं का तिचं उठून जाणं दिसे."

मला आईचा राग आला, चांगलाच आला. आणि त्याच वेळी त्या न पाहिलेल्या आत्याबद्दल असं काही भरून आलं की सांगता येत नाही. तीही तंबूत बसली असेल, घामानं निथळत, समोर कोणी राणी बघून तिचाही हात थांबला असेल. तिनं माझ्यासाठी तेवढंच उचलून आणलं होतं. ते माझ्या कानात गेलं आणि त्याच संध्याकाळी घरातून नाहीसं झालं, कागदावर यायच्या आधीच. आणि नाव तरी काय, मृगलोचना! सहा नंबरच्या चष्म्याला!

पोरगी सगळं ऐकत होती. तिनं अर्जाकडे एकदा बघितलं. मग तिनं तो घडी घातला, पुन्हा घातला, आणखी दोनदा घातला, चांगली जाड चौकोनी पट्टी होईपर्यंत. उठली, कूलरपाशी गेली, सुषमाला म्हणाली, "मम्मी, जरा उचल," आणि दोघींनी मिळून स्टँड कलवला. आखूड पायाखाली तिनं तो कागद सरकवून दिला.

खडखड बंद झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या हॉलमध्ये फक्त वारा वाहत होता आणि गवतावरून पाणी गळत होतं.

"चिऊ, तो अर्ज होता," मी म्हटलं; झियारा म्हणायचा धीर होईना.

"माहीत आहे. माहं ऱ्हाऊ दे. कागदावर आलं तं आहे निदान." मग सुषमाकडे वळून म्हणाली, "मम्मी, तू मले अनुजा म्हण. घरात चिऊच्या जागी. चालंल?" सुषमानं मान हलवली. ती पुन्हा पेल्याचं बूड पुसत होती, पेला आता साफ रिकामा होता.

पोरगी माझ्यामागे येऊन गुडघ्यांवर बसली. तिनं माझे केस कानामागे सारले. मला वाटलं काही गुपित सांगणार. तिचा श्वास पन्ह्याच्या वासाचा होता.

"कुर्रर्र," ती माझ्या कानात म्हणाली. "मृगलोचना."

सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं. आई बाजेवरून ओरडली, "अवं पाहता काय, घाला तिच्या पाठीत!" मला रिवाज शिकवायची गरज नव्हती. मी डोळे पुसले, वळले आणि पोरीच्या पाठीत एक बुक्की घातली, मनापासूनची.

"हळू ना वं, मृगलोचना!" झियारा ओरडली.